ओली काटकी

ऐका. बडबड बंद करा आणि ऐका. मी एकदाच सांगणार.

उद्या तुम्ही म्हशी घेऊन पाणझरीच्या खिंडीतून खाली उतरणार म्हणता. उतरा. पण गेनू, तू मघाशी म्हणालास, उशीर झाला तर रात्री उतरू, त्यात काय. ते ऐकलं मी. म्हणून बसलोय. नाहीतर माझी झोपायची वेळ कधीच झाली.

हसू नको. आणि ते लायटर टकटक वाजवू नको. चांगलं आहे, बघितलं. ठेव खिशात.

आपल्याच वाडीत कोंडू मरगळे म्हणून एक गडी होता. तुम्ही कुणी बघितला नाही त्याला. मी बघितलाय. अंगानं हा असा, दाराच्या चौकटीएवढा, आणि तोंडानं मुका. दिवसात दहा शब्द बोलला तर पुष्कळ. त्याची आई सगूबाई. तिचं सगळं उलटं. मूठभर बाई, पण तोंड असं की रानातली म्हैस हाक ऐकून परत यायची. ही गोष्ट मला कोंडूनं सांगितली. शाळेत मी गेलो नाही, पण माणूस खरं बोलतोय का थापा मारतोय, एवढं मला कळतं. कोंडू थापा मारणारा नव्हता. थापा मारायला बोलावं लागतं.

तर ऐका. मार्गशीर्षातली गोष्ट. आदल्या दिवशी अवकाळी पाऊस होऊन गेलेला. सगळं रान ओलंचिंब. वर थंडी. दिवेलागणीला निरोप आला, सगूबाईची लेक खालच्या गावात दिलेली, तिला कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण.

कोंडू म्हणाला, "सकाळी निघू."

म्हातारी म्हणाली, "पोर तुझ्या सकाळसाठी थांबंल व्हय? तू झोप. मी निघाले."

निघालीच. आता आई निघाली म्हटल्यावर पोरगा मागं राहतोय का? गाडीरस्त्यानं जायचं तर अख्खा दिवस मोडतो. खिंडीनं गेलं की पहाटेच्या आत खाली. अमावस्या जवळ आलेली, चांदणं नाही. कोंडूनं वाळल्या कारवीच्या काड्या बांधून चूड पेटवली, चंची कमरेला बांधली आणि निघाला.

चंचीत काय, सांगतो. चकमक. म्हणजे लोखंडाचा तुकडा. गार. म्हणजे तो पांढरा कठीण दगड. आणि बांबूची एक नळी, तिच्यात सावरीचा कापूस, जाळून काळा केलेला. लोखंड दगडावर मारलं की ठिणगी पडते. ती कुणाच्याही हातून पडते, गेनूच्याही पडेल. ठिणगी पडण्यात काही मोठेपणा नाही. ती पडते कशावर, ते बघावं लागतं. आमच्या वेळी गडी रानात निघाला की म्हातारी माणसं भाकरी घेतलीस का विचारत नव्हती. नळी कोरडी आहे का, ते विचारायची.

नळी कोरडी होती. खिंडीच्या अलीकडं ओढा आहे तिथवर कोरडी होती.

ओढ्याला पावसाचं पाणी आलेलं. कोंडू पुढं, एका हातात चूड, दुसऱ्या हातात आईचा हात. मध्यावर म्हातारीचा पाय शेवाळावरून सटकला. ती गेली, तिच्याबरोबर हा गेला. चूड गेली. छस्स! झाला अंधार. कोंडूनं चाचपडत आईला धरली, ओढून पलीकडं काढली. म्हातारी डोक्यापासून पायापर्यंत भिजलेली. वारा सुटलेला. तुम्ही ओल्या अंगानं मार्गशीर्षातल्या वाऱ्यात उभं राहून बघितलंय का? नका बघू.

ओढ्याच्या वर कपार आहे. दहा म्हशी बसतील एवढी. तिच्यापुढं सरळ उतार, दिवसासुद्धा बघून पाय टाकायचा. अंधारात उतरणं शक्य नव्हतं. मागं फिरायचं तर परत तोच ओढा. कोंडूनं आईला कपारीत बसवली. तिचे दात असे वाजत होते की त्याला ओढ्याचा आवाज ऐकू येईना.

चंची काढली. चकमक आहे. गार आहे. नळीचं बूच गेलेलं. उलटी केली तर आतून पाणी आलं.

कापूस पिळला. ठिणग्या पाडल्या. पडल्या की विझल्या, पडल्या की विझल्या. ओल्या कापसावर ठिणगी म्हणजे काय, बहिऱ्याला हाक.

म्हातारी म्हणाली, "बूच आवळून लावलं न्हवतंस."

"लावलं होतं."

"लावलं असतंस तर निघालं नसतं. बापासारखाच हायस."

तेवढ्यात समोर आग दिसली. दरीच्या अंगाला, हाकेच्या अंतरावर. चांगली भडकलेली आगटी. आणि हाक आली, "या पाव्हणं! शेका!"

कोंडूला काय वाटलं असेल? तुम्हाला काय वाटलं असतं? तो उठला. म्हणाला, "आये, विस्तव घेऊन येतो." आणि चालायला लागला. आग तेवढीच लांब. अजून चालला. आग तेवढीच. हाक मात्र गोड, "या, या! पुढं या!" आणखी दोन पावलं टाकली आणि कोंडू थांबला.

का थांबला? वास नव्हता. वारा दरीकडून वर येत होता, आगीकडून थेट त्याच्या तोंडावर. एवढी मोठी आग, ओल्या रानात, आणि धुराचा वास नाही? नाकानं वाचवलं त्याला. त्यानं पायानं चाचपून एक दगड पुढं ढकलला. दगड गेला. पडल्याचा आवाज आलाच नाही.

कोंडू गुडघ्यावर बसला आणि तसाच रांगत मागं आला. आग विझली. विझली म्हणजे, नव्हतीच.

परत आला तर आई गप्प. कुडकुडणं थांबलेलं. हे ध्यानात ठेवा, उद्या कुणी भिजलं तर. माणूस कुडकुडतंय तोवर त्याच्यात जोर आहे. कुडकुडायचं थांबलं आणि डोळे मिटायला लागलं, की वेळ थोडी राहिली. कोंडूनं तिचे हात चोळले. गार. हाका मारल्या. "हं," म्हणाली. सगूबाई नुसतं "हं" म्हणाली! तेव्हा तो घाबरला. आतापर्यंत घाबरला नव्हता.

पण घाबरून हात चालत नाहीत. त्यानं विचार केला. पाऊस कुठं पोचला नसेल? कपारीच्या आत, अगदी मागं. गुराखी इथं दुपारी बसतात, कुणीतरी कधीतरी चूल केली असेल. आंधळ्यासारखा हात फिरवत गेला. तीन दगड लागले. राख लागली. राखेखाली बोटं घातली, तर अर्धवट जळून विझलेल्या लाकडाचे काळे तुकडे. दाबले तर मऊ. सावरीचं लाकूड! जळलेली सावर कापसासारखीच ठिणगी धरते. मूठभर होते तुकडे. तीनदा पेटवून बघता येईल, एवढे.

मग त्यानं फटीतलं कोरडं गवत काढलं, त्याचा खोपा वळला. खोप्यात तुकडा ठेवला. चकमक मारली. ठिणगी पडली आणि राहिली! तांबडा ठिपका. कोंडूनं खोपा ओंजळीत धरला आणि फुंकायला लागला. धूर आला.

"दमलास, पाव्हण्या," शेजारून कुणीतरी म्हणालं. "दे, मी फुंकतो."

कपारीच्या तोंडाशी एक माणूस उभा. हातात काटकी.

आता इथं तुम्ही म्हणाल, कोंडूला कळलं कसं नाही? त्याला आपली रीत नडली. रानात तुमच्या आगटीला कुणी आलं तर त्याला नाही म्हणायचं नाही. तो आपली काटकी घेऊन येतो, तुमच्या आगटीत घालतो, मग शेकतो. कोण, कुठला, विचारायचं नाही. काटकी घातली की तो आपला. हे आपल्या रक्तात आहे. आत्ता या आगटीत तुम्ही सगळ्यांनी काटकी घालूनच बसलात की नाही?

कोंडूनं खोपा पुढं केला. त्या माणसानं फुंकर मारली. एकच. कोंडूच्या तोंडावर असं गार पाणी उडाल्यागत झालं. खोपा काळा. गवतसुद्धा ओलं!

"नाही धरलं," तो माणूस हळहळला. खरंच हळहळला. "परत पेटव. मी हाय."

कोंडूनं दुसरा खोपा वळला. या खेपेला पाठ फिरवून बसला. ठिणगी धरली, धूर आला, बोटभर ज्योतही आली. ज्योतीवर काड्या ठेवणार तेवढ्यात खांद्यावरून हात आला. "माझी काटकी घाल की. रीत हाय." आणि काटकी ठेवली ज्योतीवर. छस्स.

आता मुठीत एका खेपेपुरते तुकडे राहिले.

तो माणूस म्हणाला, "तुझ्या आगटीत मला जागा न्हाई वाटतं. बरं. मग म्हातारीपाशी बसतो. तिच्या अंगात थोडी ऊब असंल." आणि बसला. तिच्या पायाशी. एका हातात तीच काटकी, दुसरा हात तिच्या पावलांवर ठेवला.

त्या हाताच्या गारव्यानं सगूबाईचे डोळे उघडले. अंधाराला तिची नजर सरावलेली. तिनं बघितलं, पाऊस काल थांबला आणि याच्या धोतरातून पाणी टपकतंय. तिनं हात लांब केला, त्याच्या हातातली काटकी घेतली आणि ओठाला लावली.

लाकूड कोरडं आहे का ओलं, हाताला फसवतं. ओठाला फसवत नाही. ओठाला गार लागलं की आत पाणी आहे. ती काटकी डोहाच्या तळासारखी गार. म्हातारी समजली.

ओरडली नाही. ओरडली असती तर संपलंच होतं. तिनं कोंडूकडं बघितलं आणि एवढंच म्हणाली, "हात चालव." मग त्या माणसाकडं वळली.

"कुठला रं तू?"

"खालचा."

"खालचा म्हंजे? गावाला नाव न्हाई?"

"होतं. आठवत न्हाई."

"आईचं नाव तरी आठवतंय का तेबी वाहून गेलं?"

तो गप्प झाला. ओठांचा चंबू व्हायला लागला. तिकडं कोंडूनं खोपा वळायला घेतला होता.

"आठव की!" म्हातारी खेकसली. "आईचं नाव इसरतोस? लाज न्हाई वाटत?"

"चंद्रा," तो पटकन म्हणाला.

बघा, म्हातारीनं काय ओळखलं. बोलणारं तोंड फुंकर मारत नाही! त्याला बोलता ठेवायचा. जीभ जड झालेली, शब्द तोंडातून निघेनात, तरी बाई बोलत राहिली.

"मग चंद्राचा लेक हितं काय करतोय?"

"आग पेटवतोय. लई थंडी हाय, मावशी. रातभर फुंकतोय. धरतच न्हाई."

"लाकूड कशाचं घेतलंस?"

"पांगाऱ्याचं."

"उभं वाळलेलं का पडलेलं?"

"पडलेलं. हाताशी होतं."

"अरं खुळ्या! पडलेला पांगारा म्हंजे पाण्यानं भरलेली घागर. ती कधी पेटंल? साल तरी काढलीस?"

"न्हाई."

"फोडून आतलं घेतलंस?"

"न्हाई." त्यानं मान खाली घातली. "घाई झाली, मावशी. हात कापत होते."

"आणि काड्यापेटी?"

"कमरंला होती. पाण्यानं भिजली."

"कमरंला कुणी ठेवतं व्हय? मुंडाशात ठेवायची. डोकं भिजलं तरी मुंडाशाचा आतला पदर कोरडा ऱ्हातो. चंद्रानं सांगितलं न्हवतं?"

"सांगितलं होतं," तो म्हणाला. आणि रडायला लागला. कोंडू म्हणायचा, ते रडणं ऐकून त्याच्या हातातली चकमक थांबली. म्हातारी ओरडली, "कोंड्या, हात!"

ठिणगी पडली. धरली. कोंडूनं खोपा छातीशी घेतला, अंगाची भिंत केली आणि फुंकला. हळू. घाईनं फुंकलं की कोवळी आग मरते. कपारीतल्या कोरड्या कारवीच्या काड्या त्यानं मोडून बघितल्या, कट् वाजली ती घेतली, वाकली ती फेकली. एकेक ओठाला लावली. आधी बोटाएवढ्या बारीक, मग जाड. ज्योत आली. काडीला लागली. दुसरीला लागली. आगटी धरली!

तो माणूस उठला. म्हातारीपाशी पडलेली आपली काटकी घेऊन पुढं आला. "आता घालू? आता तर पेटली."

कोंडू आडवा आला. रीत म्हणते, नाही म्हणू नको. आणि हो म्हटलं की आई गेली.

सगूबाई म्हणाली, "घाल की. तुझा हक्क हाय. पण ओली काटकी घालून दुसऱ्याची आगटी विझवायची, ही कुठली रीत? आधी वाळव. आगटीला धर. वाळली की ओठाला लावून बघ, आणि मग घाल."

त्याला पटलं. चंद्राचा लेक होता, वाईट माणूस नव्हता. बसला आगटीपुढं, काटकी धरून. काटकीतून वाफ निघायची आणि टोकाला पाणी यायचं. टप. टप. तो ओठाला लावायचा.

"गार लागतीय."

"मग धर अजून."

म्हातारीच्या अंगात ऊब आली. लुगडं वाळलं. आणि ऊब आली तशी झोप आली. ती झोपली. आता आगटीला दोघंच. मुका कोंडू, आणि तो.

थोडा वेळ गेला. तो म्हणाला, "आग मंद झाली. फुंकू का जरा?" आणि ओठांचा चंबू केला.

कोंडू बोलला! काय बोलला? म्हशींवर बोलला. "आमची एक बांडी म्हैस हाय," म्हणाला. "तुमच्याकडं हायत का म्हशी?" त्यानं सांगितलं, एक होती. "दूध किती द्यायची?" असं करत एकेका म्हशीचं नाव, तिची शिंगं, तिच्या खोडी, कुठली कधी व्याली. म्हशी संपल्या. मग गुराखी झाले. वाडी झाली. सगळं संपलं तरी रात्र संपेना. तेव्हा कोंडूनं बापाचं सांगितलं. बाप गेला तेव्हा हा म्हशींमागं रानात होता. शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही. ते यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. त्या माणसानं काटकी धरून ऐकून घेतलं. म्हणाला, "माझ्या आईलाबी मी दिसलो न्हाई."

मग दोघं काही बोलले नाहीत. आणि त्यानं फुंकरही मारली नाही.

खालच्या गावात कोंबडा आरवला. कोंडूनं काटक्या सारल्या, वर बघितलं, तर समोर कुणी नाही. जागा ओली. काटकी पडलेली, तिच्यातून पाणी येतंय.

कोंडूनं ती उचलली, दरीत भिरकावणार, तर आई जागी झालेली. म्हणाली, "टाकू नको. उन्हाला ठेव."

त्यानं कपारीबाहेर दगडावर ठेवली. मग दोघं खाली उतरली. लेकीला मुलगी झाली होती. उशीरच झाला पोचायला. म्हातारीनं नातीला मांडीवर घेतलं, तेव्हा तिचे हात ऊबदार होते. कोंडू तेवढंच सांगायचा. त्या वाटेनं तो परत कधी गेला नाही. सगूबाईही गेली नाही. अंधार पडल्यावर आपल्या वाडीतलं कुणीच जात नाही. तुमच्या बापांना विचारा.

काय म्हणालास, गेनू? तो वाईट नाही, मग भ्यायचं कशाला?

अरे, वाईट असता तर मी तुम्हाला अडवलं नसतं. वाईट माणूस दिसला की तुम्ही पळता, नाहीतर काठी उचलता. हा काटकी घेऊन येतो. दमलास का विचारतो. तुला मदत करायला येतो, आणि तुझी आगटी विझवतो. त्याला नाही म्हणायला तुझं तोंड उघडणार नाही. कोंडूचं उघडलं नाही. माझंही उघडलं नसतं. आणि तुझ्याबरोबर सगूबाई नसेल.

दिवसा उतरा. ऊन असताना ओढा ओलांडा. उशीर झाला तर म्हशी अलीकडंच बसवा आणि रात्र काढा. त्या वाटेला रात्री जायचं नाही. मी सांगितलं. आता राख सारा आणि झोपा.